शब्दात शंका असेल तर फायदा कोणाला?

नव्या आयकर कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली २१ ऑगस्ट २०२५ ला, आठवड्याभरात गणपती बसले, आणि इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींमधे तेव्हापासून जो वाद रंगलाय तो ऐकून ऐकून कान किटले. एका गटाचं म्हणणं असं की कायदा आता सोपा झाला, ८१९ कलमांची ५३६ झाली, ४७ प्रकरणांची २३ झाली, पाच लाख बारा हजार शब्द होते ते दोन लाख साठ हजारांवर आले, तेव्हा १ एप्रिल २०२६ पासून कोर्टाला अर्थ लावत बसायला जागाच उरणार नाही. दुसऱ्या गटाचं म्हणणं असं की सगळ्या घोळाच्या मुळाशी कोर्टंच आहेत, मोठी फी घेणारे वकील उभे राहतात, 'चा' चा 'ची' करतात, कंपन्या सुटतात आणि पगारदार मात्र फॉर्म सोळा हातात घेऊन बसतो. दोन्ही गट तावातावाने बोलतात आणि दोन्ही गट चुकीच्या मुद्द्यावर भांडतायत असं मला वाटतं. कोर्ट अर्थ लावणारच, कायदा अर्ध्या पानाचा केला तरी लावणार. खरा प्रश्न दोनच. शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर शंकेचा फायदा कोणाला मिळायचा, आणि अर्थ बदलला तर तो मागच्या तारखेपासून बदलायचा की पुढच्या? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. ज्या शब्दांवर साध्या माणसाची जमीन, घर, संस्था, घरातल्या वस्तू अवलंबून असतात तिथे शंकेचा फायदा त्या माणसाला मिळाला पाहिजे, आणि सरकारला तो अर्थ पटत नसेल तर सरकारने कायदा जरूर बदलावा पण पुढच्या तारखेपासून.

पहिल्या गटाचा भाबडेपणा आधी बघू. कायदा आटला हे खरं आहे, १,२०० परंतुकं (कलमाला 'परंतु' म्हणून जोडलेल्या अटी) आणि ९०० स्पष्टीकरणं काढली असं सरकारनेच सांगितलं, 'नॉटविथस्टँडिंग' जाऊन 'इर्रिस्पेक्टिव्ह' आलं, आकारणी वर्ष आणि मागील वर्ष ही जोडगोळी जाऊन एकच कर वर्ष आलं, हे उत्तमच झालं, यात वादच नाही. पण परंतुकं गेली म्हणजे त्यातला मजकूर हवेत विरला नाही, तो मुख्य कलमात मुरवलाय. आणि मुळातले शब्द तेच ठेवलेत, मुद्दाम ठेवलेत, कारण त्या शब्दांवर गेल्या शंभर वर्षांत कोर्टांनी जे सांगितलं ते मोडीत निघू नये. नव्या कायद्यात कृषी उत्पन्नाची व्याख्या आहे, पण शेती म्हणजे काय याची नाही. जुन्या कायद्यातही नव्हती. ती सुप्रीम कोर्टाने १९५७ मधे राजा विनयकुमार सहास रॉय यांच्या केसमधे दिली, प्रश्न होता साल वृक्षांच्या जंगलाचा. जमिनीवर नांगरणी, पेरणी, लावणी असे मूळ कष्ट झाले पाहिजेत, आणि मग खुरपणी, राखण, कापणी ही पुढची कामं त्याला जोडून आली तर ती शेती, नुसतं आपोआप उगवलेलं तोडून विकलं तर नाही. आज पटवारीपासून (तलाठ्यापासून) आयकराच्या अपील ट्रिब्युनलपर्यंत सगळे ज्या कसोटीने चालतात ती ही. कायद्यात कुठे लिहिलीये? कुठेच नाही. तसंच 'उत्पन्न' या शब्दाचं. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी राजवटीतल्या सर्वांत वरच्या कोर्टाने, १९३२ मधे झाडाचं फळ आणि शेताचं पीक यांची उपमा देऊन सांगितलं की ठराविक स्रोतातून नियमितपणे येतं ते उत्पन्न, तर १९९३ मधे सुप्रीम कोर्टाने मोटार रॅली जिंकून मिळालेले २२ हजार रुपयेसुद्धा उत्पन्नच ठरवले, एकदाच मिळाले तरी. साठ वर्षांत शब्द तोच आणि आवाका कुठल्या कुठे गेला. हे कोणी पान वाचवून टाळू शकेल का?

आता शंकेच्या फायद्याकडे येतो, कारण सगळी मेख इथेच आहे. करकायद्यात जुना इंग्रजी दंडक असा की कर लावणाऱ्या कलमात शंका असेल तर फायदा करदात्याला, सरकारने स्पष्ट लिहिलं नाही ना, मग भोगा. आणि सवलत देणाऱ्या कलमात शंका असेल तर? इथे बरीच वर्षं गोंधळ होता, तो २०१८ मधे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी मिटवला, दिलीप कुमार अँड कंपनीच्या केसमधे. केस कस्टमची, वाद कोळंबीच्या खाद्यासाठीची सवलत एका व्हिटॅमिन पावडरीला लागू होते का याचा. निकाल असा की सवलतीत शंका आली तर फायदा सरकारला, आणि आपण सवलतीत बसतो हे दाखवायचा बोजा मागणाऱ्यावर. कोळंबीच्या खाद्यावरून निघालेला हा नियम मग आयकरातही सगळीकडे लागू झाला.

ऐकायला किती न्याय्य वाटतं. पण कोण कुठल्या शब्दात राहतं ते बघा. मोठी कंपनी, परदेशी गुंतवणूकदार, यांचे गाजलेले खटले बहुतेक कर लागतो की नाही याच प्रश्नावरचे, 'मार्फत' म्हणजे काय, 'हस्तांतरण' म्हणजे काय, 'रॉयल्टी' म्हणजे काय. तिथे शंकेचा फायदा त्यांना. आणि साधा माणूस आयकराला भेटतो तो बव्हंशी सवलतीच्या दारातून. शेतजमीन विकली, घर विकून घर घेतलं, मंडळाचा ट्रस्ट चालवला, आईचे दागिने मोडले. तिथे शंकेचा फायदा सरकारला. नियम एकच, कोणालाही नाव घेऊन वगळलेलं नाही, तरी भार पडतो तो खालच्यावर. मान्य करतो की कंपन्यांनाही हा नियम बसतो, २०२२ मधे विप्रोलाच बसला, सवलत नको असल्याचं पत्र मुदतीत दिलं नाही म्हणून. पण विप्रोकडे मुदत सांभाळायला अख्खं डिपार्टमेंट असतं, पुन्हा चूक होणार नाही. इंदूरबाहेर राऊच्या पुढे सव्वा एकर असलेल्या माणसाकडे काय असतं?

ते सांगतोच. आमच्या ओळखीतल्या एका काकांची फाइल मी बघितलीये, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, वर रबरबँड. आत खसऱ्याची, म्हणजे जमीन आणि पिकाच्या सरकारी नोंदीची, नक्कल, त्यात खरिपाच्या रकान्यात सोयाबीन, एका वर्षी रकाना कोरा. ऋण पुस्तिका, म्हणजे जमीनधारकाचं खातेपुस्तक. छावणीच्या धान्य मंडीच्या काही पावत्या, त्यातल्या निम्म्या थर्मल कागदावरच्या, शाई उडून पांढऱ्या झालेल्या. डिझेलचं एक बिल. जमीन गेली कॉलोनायझरला, म्हणजे प्लॉट पाडून विकणाऱ्याला, आणि नोटिशीत तीन प्रश्न, नगर निगमाच्या (महापालिकेच्या) हद्दीपासून अंतर किती, विक्रीच्या आधी दोन वर्षं पीक घेतलं याचा पुरावा काय, आणि भाव एकरावर ठरला होता की चौरस फुटावर. तिसरा प्रश्न वाचून काका म्हणाले, अहो भाव मी कुठे ठरवला, तो त्यानेच सांगितला. पण तो प्रश्न हवेतून आलेला नाही. गुजरात हायकोर्टाने जमीन शेतीची आहे का हे ठरवायला तेरा कसोट्या काढल्या, त्यातली एक भाव कशावर ठरला ही आहे, आणि १९९३ मधे सुरतच्या एका जमिनीच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने अशाच कसोट्यांचा आधार घेऊन निकाल करदात्याविरुद्ध दिला. तिथे महसुली नोंदीत जमीन शेतीचीच होती, पण चार वर्षं पीक घेतलं नव्हतं, जमीन शहरात होती आणि हाउसिंग सोसायटीला विकली होती. त्या केसच्या तथ्यांवर निकाल बरोबरच वाटतो मला. पण कसोट्यांची यादी एकदा हातात आली की ती प्रश्नावली होते, आणि प्रश्नावलीत एक रकाना कोरा राहिला की शंका, आणि शंका आली की फायदा कोणाला ते वर सांगितलंच.

अंतराची गंमत तर अजून वेगळी. दहा लाखांवर वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतली जमीन भांडवली मालमत्ता, म्हणजे विकली तर नफ्यावर कर, बाहेरची शेतीची असेल तर नाही. पण ८ किलोमीटर मोजायचे कसे, रस्त्याने की सरळ रेषेत? कायदा गप्प होता. पंजाब हरयाणा हायकोर्टाने २०१० मधे रस्त्याने मोजा म्हटलं, कारण माणूस रस्त्याने जातो, कावळ्यासारखा उडत जात नाही. मग २०१३ मधे संसदेने सरळ रेषा, हवाई अंतर, असं कायद्यातच लिहिलं. आणि मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की हे पुढच्यासाठी, जुन्या व्यवहारांना रस्त्याचंच माप. इंदूरसारख्या शहरात, जिथे बायपासच्या पलीकडची गावं एकेक करून निगमात येत गेली आणि सुपर कॉरिडॉर या रस्त्याने भाव कुठच्या कुठे नेले, तिथे या मापावर माणसाची आयुष्यभराची पुंजी इकडची तिकडे होते. मला इथे सगळ्यांचंच वागणं आवडलं. कोर्टाने साध्या माणसाच्या चालण्याचा अर्थ घेतला, संसदेला पटला नाही, तिने स्पष्ट लिहिलं, आणि लिहिलं ते पुढच्यासाठी. हीच पद्धत सगळीकडे का नको?

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप काय आहे ते मला माहितीये, कारण तो आमच्या घरातच जेवणाच्या टेबलावर रोज येतो. माझा भाचा पगारदार आहे, त्याचा कर हातात पैसा यायच्या आधीच कापला जातो. तो म्हणतो, मामा, शेतीच्या नावाखाली या देशात काय काय पांढरं होतं ते जगाला माहितीये, सिनेमावाले, पुढारी, बिल्डर, सगळे शेतकरी, आणि तू त्यांना शंकेचाही फायदा द्यायला निघालास? मुद्दा खरा आहे. शेतीच्या उत्पन्नावरची सूट कागद नीट न तपासता दिली जाते असं कॅगनेही दाखवलंय. एकाला मिळालेली सूट दुसऱ्याच्या खिशातून जाते हेही खरं, सरकारला पैसा लागतोच. तिसरी गोष्टही कबूल करतो, उदार अर्थ लावताना कोर्टं कधीकधी वाहवत जातात. घर विकून 'एक निवासी घर' घेतलं तर सवलत, या कलमात इंग्रजीत 'एक' साठी नुसतं 'अ' (a) होतं, आणि कर्नाटक हायकोर्टाने त्यात बिल्डरकडून मिळालेले चार फ्लॅटसुद्धा बसवले. एकत्र कुटुंबाच्या दृष्टीने त्यात अर्थ होता, नाही असं नाही, पण चार फ्लॅट म्हणजे एक घर हे ऐकून कोणीही भुवया उंचावेल.

पण भाच्याच्या मुद्द्याला माझं उत्तर असं आहे की तो दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतोय. खोटं शेती उत्पन्न दाखवणाऱ्याला पकडायला शब्दाचा अर्थ लावावाच लागत नाही. जमीन आहे का, पीक होतं का, तेवढ्या जमिनीत तेवढं पीक येईल का, माल कुठल्या मंडीत गेला, पैसे कोणी दिले, हे सगळे तथ्याचे प्रश्न आहेत, तपासाचे. पाच एकर द्राक्षांतून कोट्यवधी दाखवणारा माणूस 'शेती' या शब्दाच्या अर्थावर सुटत नाही, तो सुटतो कारण कोणी शेतावर जाऊन बघत नाही. उलट शब्दाचा अर्थ आवळला तर अडकतो कोण? ज्याने खोटं रचलंय त्याचे कागद चोख असतात, सीएने बसून बनवलेले असतात, प्रत्येक पावती असते. कागद अपुरे असतात ते खऱ्या शेतकऱ्याचे, ज्याने एका वर्षी पाऊस नाही म्हणून रान पडीक ठेवलं आणि एका वर्षी गावातल्याच व्यापाऱ्याला माल दिला. कडक अर्थाने चोर सापडत नाही, चोर सोडून संन्याशाला फाशी तेवढी होते. तपास कडक करा ना, हवा तेवढा कडक करा. शब्द कशाला आवळता?

आणि शेतीच्या बाबतीत एक गोष्ट या वादात कोणी बोलतच नाही. कृषी उत्पन्न ही केंद्राने मोठ्या मनाने दिलेली सूट आहे असं सगळे धरून चालतात. १८६० मधे जेम्स विल्सनने आयकर आणला तेव्हा शेतीवरही होता, १८८६ च्या कायद्यात तो वगळला, तिथपर्यंत ती सूट म्हणा हवं तर. पण राज्यघटनेने हा विषय केंद्राच्या हातातूनच काढला, शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांकडे आहे. म्हणजे 'कृषी उत्पन्न' या शब्दात शंका आली तर ती केंद्राला कर लावायचा अधिकारच आहे का याची शंका झाली, सवलत मिळते का याची नाही. मग कोळंबीच्या खाद्याचा नियम इथे कसा लागेल? जुन्या दंडकानुसार फायदा करदात्यालाच जायला हवा. यावर कोणी मला म्हणेल की अशाने सगळंच शेतीत बसवतील लोक. नाही बसवता येत. १९५४ मधेच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चहाच्या कंपनीचं उत्पन्न ६० टक्के शेतीचं असलं तरी तिच्या शेअरहोल्डरला मिळालेला लाभांश शेतीचा नाही, कारण त्याचा जमिनीशी थेट संबंध नाही. तिथे शंकाच नव्हती. शंकेचा फायदा शंका असेल तिथेच द्यायचा असतो.

कडक अर्थ, पुराव्याचा सगळा बोजा धारकावर, हा प्रयोग आपल्या लोकांनी एकदा भोगलाय. १८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसलं. सारामाफीच्या जमिनी पिढ्यानपिढ्या खाणाऱ्यांना सांगितलं, सनद दाखवा. इंग्रजांची बाजूही ऐका, त्यातली कित्येक इनामं खरोखर बनावट होती, पेशवाई बुडताना कोणी काय काय लाटलं ते लाटलं. पण ज्यांची खरी होती त्यांच्या सनदा वाळवीने खाल्ल्या होत्या, आगीत गेल्या होत्या, कित्येकांना मुळात लेखी काही मिळालंच नव्हतं. हजारो इनामं जप्त झाली. दक्षिण महाराष्ट्रात १८५७ च्या सुमारास जो असंतोष होता त्याच्या कारणांत हे कमिशन सगळे इतिहासकार घेतात. सारामाफी म्हणजे तेव्हाची करसवलतच होती, आणि शंकेचा फायदा सरकारला हेच त्या कमिशनचं सूत्र होतं. आमच्याकडे माळव्यात होळकरांचं राज्य असल्याने हे वारं थेट लागलं नाही, पण शब्दांचे खटले इथल्यालाही चुकले नाहीत. होळकर दरबाराने १९२७ मधे गिरण्यांवर स्वतःचा औद्योगिक कर लावला होता. विलीनीकरण झालं, भारताचा आयकर आला, आणि होळकरांच्या नियमात धरलेली घसारा (यंत्रांच्या झिजेची) वजावट 'प्रत्यक्ष दिलेली' मानायची का हा इंदूरच्या हुकुमचंद मिलचा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. गिरणी बंद पडली, कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी डिसेंबर २०२३ मधे कुठे सुटले, आणि त्या गिरणीचं नाव आयकराच्या वकिलांना आजही तोंडपाठ आहे, ट्रिब्युनलचे अधिकार किती यावरच्या निकालासाठी.

आता मागच्या तारखेचा प्रश्न. इथे वोडाफोनचं नाव सगळ्यांना माहितीये. २० जानेवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परदेशातल्या कंपनीचे शेअर परदेशात विकले तर तो भारतातल्या मालमत्तेचा सौदा होत नाही, अकरा हजार कोटींची मागणी गेली, भरलेले अडीच हजार कोटी परत करा. दोनच महिन्यांत बजेट आलं आणि कायद्यात 'शंका दूर करण्यासाठी' म्हणून स्पष्टीकरण घुसलं, थेट १९६२ पासून. जगभर बोंब झाली, टॅक्स टेररिझम हा शब्द तेव्हाचा, आणि २०२१ मधे सरकारला ते मागे घ्यावं लागलं. चांगलंच झालं. पण याच हत्याराने साध्या माणसावर आधी दोनदा वार झाला तेव्हा बोंब कोणी मारली?

१९७० मधे सुप्रीम कोर्टाने संपत्ती कराच्या कायद्यातल्या 'वैयक्तिक किंवा घरगुती वापराच्या वस्तू' या शब्दांत अंगावर घालायचे दागिनेही येतात असा अर्थ लावला. बाईच्या अंगावरचं मंगळसूत्र वैयक्तिक वापराचं नाही तर काय असतं? १९७१ मधे दुरुस्ती आली, त्या शब्दांपुढे 'दागिने सोडून' असं घातलं, आणि ती १९६३ पासून लागू. दुसरं शेतीचं. शहराजवळची शेतजमीन १९७० मधे भांडवली नफ्याच्या कक्षेत आणली, मुंबई हायकोर्टाने १९८१ मधे म्हटलं की शेतीच्या जमिनीतून आलेला तो पैसाही जमिनीचंच उत्पन्न, केंद्राला त्यावर कर लावता येत नाही. १९८९ मधे स्पष्टीकरण आलं, शंका दूर करण्यासाठीच, की असं उत्पन्न जमिनीचं नाही आणि 'कधीच नव्हतं', लागू १९७० पासून. एकोणीस वर्षं मागे! पुढे सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. परदेशी कंपन्यांसारखं हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादात जायला या शेतकऱ्यांकडे कुठला करार होता? वरातीमागून घोडं ही म्हण आपण उशिराने केलेल्या कामाला वापरतो, इथे घोडं आलं ते वरात परत फिरवून.

मागच्या तारखेच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो फेटाळण्याजोगा नाही. कायद्याचा एक अर्थ धरून वीस वर्षं सगळे कर भरत आले, मग कोणी एकाने खुसपट काढलं आणि कोर्ट म्हणालं अर्थ वेगळा, तर सगळ्यांना परतावा देत सरकारने बसायचं का? कर वसूल करण्याच्या यंत्रणेतली निव्वळ चूक असेल, नोटिशीचा नमुना चुकला असेल, तर मागून दुरुस्त करा, मी तक्रार करणार नाही. पण माणसाने ज्या अर्थाच्या भरवशावर जमीन विकली, पैसा मुलीच्या लग्नात आणि दवाखान्यात घातला, तो अर्थच मागे जाऊन पुसायचा ही दुरुस्ती नाही. आणि पुढच्या तारखेने काम भागतं हे सरकारनेच दाखवलंय. ते चार फ्लॅटवालं प्रकरण आठवा, २०१४ मधे कलमात भारतातलं 'एकच' घर असं स्पष्ट केलं, पुढच्यासाठी. त्याने सरकार बुडालं का?

हीच शिस्त कोर्टालाही लागू पडते, आणि कधीकधी ते पाळतं. 'शिक्षण' घ्या. १९७५ मधे एका वर्तमानपत्र चालवणाऱ्या ट्रस्टच्या केसमधे न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी लिहिलं की तसं बघितलं तर प्रवासही शिकवतो, आपलं पाकीट मारणारा चोरही धडा शिकवून जातो, पण कायद्यातलं शिक्षण ते नव्हे, शाळा कॉलेजसारखं पद्धतशीर ते. मला हा निकाल आवडतो कारण तो वाचून कोणालाही कळतं. मग कित्येक वर्षं कोर्टं म्हणत राहिली की मुख्य हेतू शिक्षण असला तर पुरे, आणि १९ ऑक्टोबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं, 'केवळ' शिक्षणासाठी म्हणजे केवळच, बाकी हेतू नकोत. कडक आहे, आमच्याकडच्या छोट्या शिक्षण संस्थांना जड जाणार आहे. पण त्याच निकालात लिहिलंय की हा अर्थ इथून पुढे लागू. त्याच दिवशी सार्वजनिक उपयोगाच्या संस्थांचाही निकाल आला, अहमदाबादच्या विकास प्राधिकरणाच्या नावाचा, ज्यात गुजरातच्या क्रिकेट संघटनाही होत्या. खर्चापुरती किंवा त्याहून किंचित जास्त फी घेतली तर धंदा नाही, बाजारभावाने घेतली तर धंदा, आणि धंद्याची कमाई एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत हवी. आता विचार करा, इंदूरातल्या कुठल्याही मराठी मंडळाचा हॉल, लग्नाला भाड्याने जातो, त्या भाड्यावर वाचनालय आणि व्याख्यानमाला चालते. 'किंचित जास्त' म्हणजे किती? हे आता प्रत्येक मंडळाच्या खजिनदाराने रात्री जागून ठरवायचं.

उदार अर्थ लावायला आपल्या कोर्टांना येत नाही असं अजिबात नाही. कोटाच्या माजी महाराजांच्या राजवाड्याचा काही भाग संरक्षण खात्याला भाड्याने दिलेला होता, तरी अख्खा राजवाडा करमुक्त असं २०१६ मधे ठरलं, कारण कायद्यात 'कोणताही एक राजवाडा' असं आहे, 'राजवाड्याचा भाग' असं नाही. केरळातल्या ननच्या राहत्या इमारतींना २०२१ मधे सूट मिळाली, सवलतीचा हेतू बघून अर्थ लावा, २०१८ चा नियम हितकारी सवलतींना जसाच्या तसा लावू नका असं म्हणून. २०१७ मधे केरळच्याच एका शेतकऱ्याला सांगितलं गेलं की संपादनाची प्रक्रिया सुरू झाल्यावर तडजोडीने भाव ठरला तरी ते सक्तीचंच संपादन, सूट द्या. विकास प्राधिकरणाच्या योजनेत जमीन गेलेल्या इंदूरच्या माणसाला हा निकाल किती मोलाचा आहे ते त्यालाच विचारा. आणि याच्या उलट, धोलपूरच्या महाराजांच्या पूजेतल्या मोहरा आणि चांदीच्या लगडी १९७६ मधे वैयक्तिक वस्तू ठरल्या नाहीत. त्या लगडींचं मला काही वाटत नाही, पण त्या निकालाच्या आधाराने आमच्या घरचं लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणंसुद्धा भांडवली मालमत्ता आहे, विकायला सराफ्यात नेलंच कधी तर. म्हणजे उदारपणा आहे, फक्त कधी मिळेल ते सांगता येत नाही, आणि वकिलाशिवाय तर नाहीच.

शेवटचा मुद्दा दुसऱ्या गटासाठी, ज्यांना कोर्टात जाणंच कमी व्हायला हवंय. सरकारने २०२४ मधे मर्यादा वाढवल्या, ६० लाखांपेक्षा कमी कराचा वाद असेल तर खातं ट्रिब्युनलमधे अपील करणार नाही, हायकोर्टासाठी २ कोटी, सुप्रीम कोर्टासाठी ५ कोटी, काही अपवाद सोडून. छोट्या माणसाचा छळ वाचला, उत्तम. पण याचा दुसरा परिणाम लक्षात घ्या. खात्याने वर नेलेल्या, म्हणजे मोठ्या रकमेच्या केसमधेच वरच्या कोर्टात अर्थ ठरणार आणि तोच खाली सगळ्यांना लागणार. शिवाय अपील केलं नाही म्हणजे खात्याला तो अर्थ मान्य आहे असं समजू नये हेही खात्याने लिहून ठेवलंय. म्हणजे आमचे काका इंदूरच्या ट्रिब्युनलात जिंकले तरी त्यांच्या शेजारच्या शेतावर तीच नोटीस, तेच तीन प्रश्न, पहिल्यापासून. याला उपाय अवघड नाही. ट्रिब्युनलने किंवा हायकोर्टाने एखाद्या शब्दाचा अर्थ करदात्याच्या बाजूने लावला आणि खातं वर गेलं नाही, तर तो अर्थ आपल्याला मान्य आहे की नाही हे केंद्रीय प्रत्यक्ष कर बोर्डाने ठराविक मुदतीत जाहीर करावं. मान्य असेल तर देशभर सगळ्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक. मान्य नसेल तर बजेट दर फेब्रुवारीला येतंच, तेव्हा हवा तो शब्द कायद्यात घाला आणि १ एप्रिलपासून लागू करा.